थडग्याबाहेरचे बूट

अंबरीष जगात कशालाच घाबरत नसे. हे त्याने स्वतःच सांगितलेलं असल्यामुळे शंकेला जागा नव्हती. पुराव्यादाखल तो हनिमूनची गोष्ट सांगायचा. जॉर्डनमध्ये नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी अख्खे कडे कोरून थडगी केली आहेत. त्यातल्या एकात तो म्हणे अर्धा तास एकटा बसला होता. ही गोष्ट सुरू झाली की त्याची बायको कादंबरी कुकर लावायला उठायची. कुकर आधीच लावलेला असला तरी.

खरं म्हणजे थडग्यात कादंबरी बसली होती. अंबरीष बाहेर एका उंटाजवळ थांबला होता. उंटाला एकटं वाटू नये म्हणून.

हे अकरा वर्षं खपलं. मग टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आठ वर्षांच्या नेत्राला अंधाराची भीती वाटू लागली आणि ती स्वतःची खोली सोडून आईबाबांच्या मधे येऊन, चांगली आडवी, झोपू लागली. सहा महिने अंबरीष पलंगाच्या काठावर फळीवरच्या पुस्तकासारखा झोपला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याची मान लटकू लागली. शेवटी त्याने पैज लावली. नेत्रा शंभर आकडे म्हणेपर्यंत बाबा थडग्यात एकटा बसला, तर तिने आपल्या खोलीत झोपायचं. दिवा बंद करून.

"जॉर्डनला जायचं?" नेत्राने विचारलं.

तेवढी रजा नाही गं, असं तो हळहळून सांगणार, तोच कादंबरीने फोन पुढे केला. टोकियोशेजारच्या सायतामात, एका टेकडीत अशीच कोरीव थडगी होती. ट्रेनने दीड तास. रविवारी उघडी.

टेकडी पोळ्यासारखी भोकाभोकांची होती. प्रत्येक भोक म्हणजे एक थडगं, दार छोट्या फ्रिजच्या दाराएवढं. हिरव्या जाकिटातले म्हातारे गाईड ओकादा-सान हसून म्हणाले, खुशाल आत जा, शेकडो वर्षं रिकामीच आहेत. अंबरीषला ते आवडलं नाही. रिकामी, म्हणजे आतली माणसं कुठेतरी गेलेली होती.

दगडी गाभाऱ्यासारखं काही दिसलं की पुण्याचे पाय आपोआप बुटांतून बाहेर येतात. त्याने बूट दारात कसेबसे काढले आणि तो रांगत आत शिरला. बाहेर नेत्राने जपानीत आकडे सुरू केले: इची, नी, सान...

आत बसायला एकच जागा होती. प्रेत ठेवायचा दगडी ओटा. अंबरीषने त्याच्याकडे पाठ केली, मग ते जास्त वाईट वाटलं म्हणून त्याच्याकडे तोंड केलं. छतातून एक गार थेंब मानेवर पडला. त्याने मारुतीचं नाव घेतलं. इथल्यांना राग येऊ नये म्हणून लगेच 'सुमिमासेन', माफ करा, असंही म्हणाला.

बासष्टवर आकडे थांबले.

"नेत्रा?"

तो मान आक्रसून कसाबसा वळला. दारात नेत्रा नव्हती. बूट होते. मघाशी ते थडग्याकडे तोंड करून एकमेकांवर पडलेले होते. आता शेजारी शेजारी, बाहेर तोंड करून, शिस्तीत उभे होते. म्हणजे आतून कुणीतरी बाहेर पडायच्या तयारीत होतं. आणि आत तो होता आणि...

हे वाक्य त्याने पुरं केलं नाही. चौकटीवर डोकं आपटून तो बाहेर पडला आणि मोजे घातलेल्या पायांनी पायऱ्या उतरत सुटला. वळून पाहिलं तर कुंपणाच्या झुडपांवरून बूट मागे येत होते. दोन्ही, जोडीने, हवेतून.

तो खालच्या व्हेंडिंग मशीनमागे जाऊन बसला. बूट मशीनला वळसा घालून आले. त्यांच्या खाली ओकादा-सान वाकलेले होते, दोन्ही हातांनी बूट वर धरून, धापा टाकत. त्यांनी क्षमाही मागितली. कशाची, ते दोघांनाही कळलं नाही.

मागून नेत्रा आणि कादंबरी आल्या. नेत्रा फोटोसाठी आईला बोलवायला गेली होती.

"माझे बूट कोणी फिरवले?" अंबरीषने विचारलं.

"मी. बूट काढले की बाहेर तोंड करून लावायचे, शाळेत शिकवलंय. घरी पण तुझे रोज मीच लावते ना."

अंबरीष विचारात पडला. जपानला आल्यापासून तीन वर्षं तो रोज संध्याकाळी दारात बूट भिरकावत होता आणि सकाळी सरळ पाय घालून ऑफिसला निघत होता. त्याला वाटायचं, बूटच समजूतदार आहेत.

"इथे उंट नव्हता ना," कादंबरी एवढंच म्हणाली.

पैज गेली होती. काठावरचं झोपणं आता जन्माचं, हे अंबरीषने मनाशी धरलं. पण स्टेशनवर नेत्रा अचानक म्हणाली, "बाबा, तू ज्याला घाबरलास ते भूत म्हणजे मीच ना?"

"हो."

"मग मी कशाला कोणाला घाबरू?"

त्या दिवसापासून ती आपल्या खोलीत झोपते. दिवा बंद करून, आडवी. अंबरीषला पलंग मोकळा मिळाला आहे. तिला त्याने फक्त एक विनंती केली आहे: बूट फिरवायचे तर फिरव, पण आधी हाक मारत जा.