अस्वलाच्या ढालीवरील लोखंडी पट्टीची हकिकत

श्रीकृपेने लेखणी हाती धरिली, वाचणारांचे व ऐकणारांचे कल्याण असो. शके तेराशे चौतीस, नंदननाम संवत्सरी, जर्मन मुलखी रानाकडील एका संस्थानी वोल्फ्राम सरदार नांदत होते, आणि त्यांच्या ढालीवर काळे अस्वल उभे, तीच घराण्याची निशाणी. त्या देशीची चाल ऐसी की, वंश बुडाला म्हणजे भाटाने शेवटल्या धन्याच्या थडग्यावर ढाल फोडावी, तुकडे मातीत पुरावे, आणि मग मुलूख पातशहाचा व्हावा. सरदार तापाने वारले, पोटी संतान नाही, सबब भाटाने रडत रडत ढाल फोडिली. आणि महिन्याभराने सरदारीणबाई इर्मगार्ड यांस दिवस गेल्याचे कळले! आता हसावे की कपाळ बडवावे? यथाकाळी पुत्र जाहला, नाव एगोन ठेविले, आणि मग पातशहाचे वकील दरबारी येऊन बोलिले, "पोर गोड आहे, बाईसाहेब. पण ढाल मोडली, घराणे संपले. किल्ल्या द्याव्या. नवी ढाल चालणार नाही, जुनीच हवी."

बाई पोरास उराशी धरून उभ्या राहिल्या. मग गर्दीतून बुर्कहार्ट नामे पिंपे करणारा कारागीर गोणपाट घेऊन पुढे आला.

"माफी असावी, बाईसाहेब. तुकडे पुरायला भाटानं मलाच दिलं व्हतं, पर हात उचलंना. दुष्काळात धन्यांनी माझी सहा पोरं जगवली. त्यांचं अस्वल मी मातीत घालू व्हय?"

गोणपाटात ढाल सबंध निघाली, आणि तुकडे आवळून धरणारी लोखंडी पट्टी अस्वलाच्या छातीवरून तिरपी मारिलेली.

वकील हसून बोलिले, "ही ढाल की दारूचे पिंप?"

"ठोकून बघा की, सरकार. माझं पिंप कधी गळलं न्हाई."

वकिलांनी तरवारीच्या मुठीने तीनदा ठोकिले, पट्टी तसूभर हलली नाही, आणि त्यांनी मुकाट्याने 'ढाल साबूत' ऐसे लिहून दिले. बाईंनी भर दरबारी बुर्कहार्टाचे काळे हात डोळ्यांस लाविले. धन्य तो माणूस, आम्ही तर म्हणतो!

पुढे एगोन सरदार जाणते जाहले, आणि पातशहाने प्रसन्न होऊन सोनेरी ढाल करविली, तेव्हा चिताऱ्याने पुसिले, "ती पट्टी गाळू ना? शोभत नाही."

सरदार बोलिले, "एकवेळ अस्वल पुसा. पट्टीस हात लावू नका."

तात्पर्य, अकरा पिढ्या घराणे चालिले, आणि प्रत्येक सरदार गादीवर बसण्याआधी बुर्कहार्टाच्या वंशजांच्या दारी जाऊन टोपी काढीत आला.