हात न लावता अडवणारे साळवे सर

साळवे सर नांदेडच्या भाजीबाजारात आडवे चालतात. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, मनगटाला मेथीची पिशवी. आमच्या कॉलेजात पोरींना बास्केटबॉल शिकवता शिकवता माणूस सरळ चालायचं विसरला, असं माझं मत आहे. मी तिथेच गणित शिकवतो आणि सामन्यांचं गुणपत्रक लिहितो, म्हणजे मला बोलायचा हक्क आहे.

पहिला महिनाभर सर पोरींना बॉलच देत नाहीत. पोरी बिचाऱ्या हात पसरून नुसत्या आडव्या पळतात.

"बास्केट कोनीबी टाकतंय," सर म्हणतात. "अडवता आलं पायजे. आन् हात न लावता! हात लागला की फाऊल."

"अहो, पॉइंटच केले नाहीत तर जिंकणार कशानं?"

"समोरच्याला शून्यावर ठेवा. मला एक पॉइंट लई झाला."

समोरचा शून्यावर राहिला असं मी आजवर एकदाही लिहिलेलं नाही. लातूरच्या संघाकडून आम्ही फायनल तीनदा हरलो. दर खेपेला थोडक्यात हरलो, म्हणून सर त्याला प्रगती म्हणतात.

यंदाही फायनल लातूरशीच, आमच्याच मैदानावर. आमची सगळी मदार कंधारच्या सुजातावर. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि गेटवर तिचे वडील हजर.

"पोरीला बघायला पावनं आलेत. घेऊन जातो, एकची बस हाय."

सर गेटकडे गेले. मला वाटलं, समजावतील. सरांनी गुडघे वाकवले आणि हात पसरले. वडील डावीकडे, सर डावीकडे. वडील उजवीकडे, सर उजवीकडे.

"सर, हे काय करायलात?"

"हात लावला का मी तुमाला? न्हाई ना?"

मास्तरला ढकलायचं कसं, या अदबीपायी वडीलही नुसते आडवेच सरकत राहिले. निवृत्तीला आलेले आमचे सर, भर उन्हात, अख्खा सामनाभर! एकची बस गेली. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. शेवटचा बॉल सुजातानं अडवला, आणि सरांची मैदानाकडे पाठ.

मी गुणपत्रक घेऊन धावलो. दोघंही भिंतीला टेकून एकाच बाटलीतलं पाणी पीत होते.

"आपण किती पॉइंट खाल्ले?" सरांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"लई झाले."

पोरींनी सुजाताला खांद्यावर घेतलं होतं. वडील बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढची मॅच कदी हाय?"

सरांनी घाम पुसता पुसता डोळेही पुसले. वडील पोरीकडे गेल्यावर सर मला हळूच म्हणाले, "माझी लेक रेखा बारावीत व्हती. हिच्यापेक्षा चांगली खेळायची. तिला बघायला आले, तवा मी बाजूला सरकलो, सर."

खाली मान घालून मी गुणपत्रकाच्या मागं लिहिलं: साळवे सर, फाऊल शून्य.