भाऊसाहेबांच्या नावावरची तारीख

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बालाघाट कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये भाऊसाहेबांचा विषय निघाला, लोक हसले, की मीही हसायचो. त्या हसण्याची आज चीड येते.

भाऊसाहेब पिंपळकर वकील कॉम्प्युटरशी भांडायचे. खटल्यांचे कागद, फोटो, व्हिडिओ एका जागी राहावेत म्हणून त्यांनी नागपूरहून एक सॉफ्टवेअर आणलं होतं. माउसला मात्र त्यांनी जन्मात बोट लावलं नाही. मी त्यांच्या हाताखालचा वकील. मी खुर्चीत बसायचो, ते मागे उभे राहून लढायचे.

हट्टा गावच्या आमच्या अशील तुळसाबाईंच्या शिवणाच्या दुकानाची भिंत शेजाऱ्याने पाडली होती. त्या जागेवर तो स्वतःचं बांधकाम काढणार होता. रस्त्यावरून चाललेल्या वरातीच्या शूटिंगमध्ये भिंत पाडणारे नेमके आले होते. पण ती सीडी सॉफ्टवेअरमध्ये चढेना. पडद्यावर एकच उत्तर: 'इम्पोर्ट फेल्ड.'

"काहून?" भाऊसाहेब गरजले. "कारण सांग ना! बिना कारण अर्ज खारीज करते? हा कोन जज लागून गेला?"

फोटो स्टुडिओतून सीडी बदलून आणली तेव्हा व्हिडिओ चढला. खाली एक रिकामी चौकट आली: डेट. आम्हा कोर्टातल्या माणसांना डेट म्हणजे पुढची पेशी, सुनावणीची तारीख; दुसरं काही सुचतच नाही. मी पेशीची तारीख टाकली. मशीनला हवी होती शूटिंगची. त्याच तारखेसकट पुराव्यांची यादी छापून निघाली आणि मी ती न वाचता दाखल केली.

पेशीला समोरचा वकील यादी नाचवत उठला. "हुजूर, ये शूटिंग तो आज की है! दीवार शायद लंच के बाद गिरेगी."

सगळं कोर्ट हसलं. मी उगाच फाइल चाळायला लागलो. भाऊसाहेब उठले. "हुजूर, गलती मेरी है. तारीख मैंने डाली."

व्हिडिओ बाजूला पडला, बांधकामावर स्थगिती मिळाली नाही. आमचा दुरुस्तीचा अर्ज ऐकला जाईपर्यंत शेजाऱ्याची इमारत उभी झाली. भाऊसाहेबांनी तुळसाबाईंचं शिलाई मशीन आपल्या ऑफिसच्या ओट्यावर मांडून दिलं. "आक्षेप! खडखड बंद!" असं दिवसभर ओरडायचे. आणि ती थांबली की बाहेर येऊन, "काहून बाई, बरं नाही का?"

बाररूमने त्यांचं नाव 'पंडितजी' ठेवलं, म्हणजे पुढचं आधीच सांगणारा जोशी. "पंडितजी, हमारा फैसला कब आएगा?" हे तोंडावर विचारणारे संध्याकाळी त्यांच्याकडूनच मसुदे तपासून न्यायचे. निर्लज्ज! आणि त्यांच्यात मी.

एकदा कोर्टातून परतताना विचारलं, "तुम्ही काहून आपल्यावर घेतलं?"

"तुले अजून इथंच उभं राहाचं हाय, श्रीधर. मले हसले, तं घरी वाईट वाटून घेणारं बी कोनी नाही."

तिथेच पाय धरायला हवे होते. मी म्हटलं, "हौ."

पुढे ते गोंदियाच्या दवाखान्यात होते, तेव्हा मनाशी ठरवूनच गेलो.

"भाऊसाहेब, ते तुळसाबाईच्या वेळेस..."

"काय म्हणून राह्यला? जोरात बोल, ऐकू नाही येऊन राह्यलं."

खोलीत नर्स होती, शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे पाहुणे आले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही," मी जोरात म्हणालो. "चहा सांगू का म्हटलं."