इथे कोणाचंही काम होणार नाही

गेल्या खेळात दाताचे डॉक्टर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेला लाकडी तलवार लावून बसले आणि ती उपसायची वेळच आली नाही, तेव्हापासून चष्मेवाल्याची झोप उडाली होती.

एरवी तो चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना "वरची ओळ दिसते? आणि त्याखालची?" असं विचारत असे. त्याच्या आयुष्यात सुख असं एकच होतं, ते म्हणजे हा सोंगांचा खेळ. त्यात प्रेक्षक नसत की पाठ केलेले संवाद नसत. जमलेल्या प्रत्येकानं दिवसभर दुसरंच कोणीतरी व्हायचं आणि काही झालं तरी सोंग सोडायचं नाही. खेळ रचायचं काम चष्मेवाल्याचं. पण रचलेला खेळ एक आणि लोक समजून आलेले दुसराच, असं दर वेळी होई.

"राजवाड्यातलं कारस्थान म्हणून बोलावलंत आणि दिवसभर नुसत्या बैठका!" डॉक्टर तलवार पिशवीत घालत म्हणाले होते. "आधी सांगायचं होतंत! मी तलवारीला पॉलिश केलं होतं हो."

एकेक करून मंडळी गळत गेली. उरलेल्या सातआठ जणांचाही या वेळी विरस झाला, तर खेळ कायमचा बंद आणि पुढचं सगळं आयुष्य वरच्या आणि खालच्या ओळीत जाणार, हे चष्मेवाल्याला स्पष्ट दिसत होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; यानं तर पाणीसुद्धा फुंकायला घेतलं. त्यानं प्रत्येकाला फोन केला, वर निरोपही पाठवला.

"खेळ सरकारी कचेरीचा आहे. कोणी जिंकणार नाही. मारामारी नाही, रहस्य नाही, शेवटी आनंदीआनंद नाही. इथे कोणाचंही काम होणार नाही. मध्येच अनोळखी माणसं येतील. ती कितीही गयावया करोत, खेळातलीच समजा. चहा मिळेल, पण गार."

"असल्या खेळाला येणार कोण?" ताईनं विचारलं. ही त्याची थोरली बहीण. ऐन वेळी एका गांजलेल्या म्हातारीचं सोंग घेऊन यायचं तिनं कबूल केलं होतं.

"ज्यांना ठाऊक आहे काय मिळणार, तेच येतील. निदान शिव्या तरी खाव्या लागणार नाहीत."

जागाही खेळाला साजेशी मिळाली. पाणीखात्याची कचेरी दुसरीकडे हलली होती आणि रिकामा गाळा मालक रविवारपुरता भाड्यानं देत होता. भिंतींना ओल आलेली, खिडक्यांच्या काचा धुरकट, बाक तेवढे जागच्या जागी. कोपऱ्यात खात्याची जुनी पाटी धूळ खात पडली होती. सोंग वठवायचं तर पुरतं वठवावं, म्हणून चष्मेवाल्यानं ती ओल्या फडक्यानं लख्ख पुसली आणि बाहेर दारावर टांगली. पुढचं सगळं रामायण त्या फडक्यानं घडवलं.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलेलं आणि मंडळींची तोंडंही तशीच. डॉक्टर मोठे कारकून म्हणून खिडकीत बसले. एक प्लंबर होता, त्याला नकाशांचं टेबल मिळालं. बाकीचे अर्जदार होऊन बाकांवर बसले. चष्मेवाला स्वतः साहेब झाला. साहेबांनी दिवसभर आतल्या खोलीत दार लावून बैठकीत असायचं आणि कोणाला दिसायचं नाही, हा नियम त्यानंच केलेला. टेबलावर एक घंटी होती. ती वाजली की खेळ थांबणार.

तासाभरानं बाहेरून एका म्हातारीचा आवाज आला.

"रविवारी उघडं दिसलं, म्हटलं देव पावला! अहो, रस्ता खणला तेव्हापासून नळाला थेंब नाही. खालून बादल्या वर नेते मी. आता गुडघे नाही म्हणतात."

चष्मेवाला दाराला कान लावून खूश झाला. ताई आवाज काय बदलते! खोकलासुद्धा कसा जागच्या जागी!

"अर्जावर नकाशेवाल्यांची सही आणा," डॉक्टर म्हणाले.

"बरं."

"मोठ्या कारकुनांचा शेरा असल्याशिवाय मला सही करता येत नाही," प्लंबर म्हणाला.

"बरं. पुन्हा तिकडे जाते."

असे चार खेटे झाले. म्हातारी रागावली नाही की रडली नाही. नुसती धापा टाकत ये-जा करत राहिली. बाकांवरचे अर्जदार चिडीचूप झाले होते. एवढ्या वर्षांत खेळ असा रंगला नव्हता. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागचं दार ढकलून ताई आत आली. हातात थर्मास, अंगावर फाटकी शाल.

"उशीर झाला रे. कोणाला छळायचं आहे ते सांग."

चष्मेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"ताई, तू इथे आहेस, तर बाहेर कोण आहे?"

ताईनं फटीतून पाहिलं. "मला काय माहीत! पण अरे, ती बाई खरीच दमलीय. घंटी वाजव."

त्यानं घंटीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून उभा राहिला. घंटी वाजली की सगळं संपणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा जमलेला खेळ आपल्याच हातानं मोडायचा होता. बाहेर डॉक्टर म्हणत होते, "साहेब बैठकीत आहेत आजी, सोमवारी या." आजी म्हणत होत्या, "बसते की. बैठका काय, संपतात कधीतरी." ताईनं त्याच्या हातावर हात दाबून घंटी वाजवली, तेव्हा कुठे ती वाजली. आपल्या हातून ती वाजली नाही, याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

तो दार उघडून बाहेर आला. घंटी वाजली होती खरी, पण दिसायचेच नाहीत म्हटलेले साहेब समोर आलेले पाहून मंडळींना हाही खेळच वाटला. सगळे ताडकन उठून उभे राहिले.

"आजी, माफ करा. ही कचेरी खोटी आहे. मी साहेब नाही. इथे कोणाला काही अधिकार नाही."

आजींनी शांतपणे मान हलवली. "असं सगळेच म्हणतात हो. पण तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, हेच खूप."

डॉक्टर टेबलावरचे शिक्के उगाच सारखे करत बसले. प्लंबर मात्र नकाशे गुंडाळून उठला, गाडीतून पाना काढला आणि आजींबरोबर चालू लागला. खणलेल्या रस्त्यात बंद केलेला व्हॉल्व्ह मातीखाली गेला होता आणि पुन्हा उघडायचा राहून गेला होता, एवढंच. तो जेवायच्या आत परतला आणि म्हणाला, "आलं पाणी."

संध्याकाळी खेळ कसा झाला यावर चर्चा झाली. डॉक्टर गंभीरपणे उभे राहिले.

"माझी तक्रार आहे. कोणाचंही काम होणार नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. मी मन घट्ट करून आलो होतो. आणि काम झालं! दर वेळी सांगता एक आणि होतं भलतंच."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. "पुढच्या वेळी कळवा" असं जाताना एकही जण म्हणाला नाही. चष्मेवाल्यानं बाक सरळ केले. पाटी उतरवायचंही त्याला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी तो पाटी काढायला आणि मालकाला राहून गेलेली किल्ली द्यायला गेला, तर गाळ्याच्या दारापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत रांग लागलेली. कोणाच्या हातात गळकी तोटी, कोणाच्या हातात गढूळ पाण्याची बाटली. आजींनी शेजारीपाजारी सांगितलं होतं, की एका कचेरीत रविवारी साहेब स्वतः बाहेर येतात.

चष्मेवाला वाट काढत दारापर्यंत गेला. तो पायरीवर उभा राहिला. सवयीनं का होईना, पण जे आधी सांगायला हवं ते त्यानं आधीच सांगितलं.

"हे बघा, नीट ऐका. इथे कोणाचंही काम होणार नाही."

कोणी ओरडलं नाही की जागचं हललं नाही.

"ते माहीत आहे हो," सगळ्यात पुढचे गृहस्थ समजूत घातल्यासारखं म्हणाले. "पण बसायला बाक आहेत ना? आजी म्हणत होत्या, चहासुद्धा देतात."

"गार असतो," चष्मेवाला म्हणाला.

"चालेल," गृहस्थ म्हणाले, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.