बाजूनं ढकललं तर काय?

गायके साहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आधी मला नमस्कार केला आणि मग आमच्या कपाटाला खांद्यानं ढकललं. कपाट करकरलं आणि वरची ढाल धाडकन खाली आली. माझ्या आयुष्यातली ती एकमेव ढाल, तीही कार्यालयातल्या कॅरममध्ये उपविजेता म्हणून मिळालेली.

"बघितलं?" साहेब समाधानानं म्हणाले. "वरचं वजन लई घेतंय, पण बाजूनं काहीच नाय. भिंतीला दोन पट्ट्या मारून घ्या."

मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते.

साहेब मूळचे देवगाव रंगारीचे. घरची शेती आहे, पण यांची सगळी नोकरी सरकारी इमारतींचे नकाशे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर नकाशे यायचे थांबले, तेव्हा त्यांनी जग तपासायला घेतलं. भाजीवाल्याची छत्री, दुकानाची पाटी, गच्चीवरची टाकी, जे दिसेल ते ढकलून बघायचं. लोकांना वाटतं की वस्तू वजनानं पडते, ही त्यांची मनुष्यजातीबद्दलची मुख्य तक्रार.

"वजनाचं काय, त्याला खाली जायचा रस्ता ठाऊक असतो. वारा, भूकंप हे बाजूनं येतात. बाजूचं कोण बघतो?" आणि तिथून गाडी हमखास सांध्यावर यायची. "आधी खांब मोडत नाय हो. आधी सांधा सुटतो. खांब झोकात काढतात, तुळई झोकात काढतात, आन् दोघं भेटतात तिथं? तिथं मिस्तरीची मर्जी!"

एकदा माझ्या चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नाला त्यांना खुलताबादला घेऊन गेलो. माळावर मांडव होता. साहेबांनी शिरताच पहिला खांब ढकलला. मांडव डुलला आणि नवरीचा मामा धावत आला.

"अहो पाहुणे, काय करता?"

"मी कुठं काय करतोय? वारा करील ते दाखवतोय."

मुहूर्त तोंडावर आलेला. तरी साहेबांनी मांडववाल्याला कामाला लावून चारी कोपऱ्यांत तिरपे दोर बांधून घेतले आणि मगच अक्षता पडू दिल्या. नंतर दिवसभर पानही हललं नाही. परतताना साहेबांचा चेहरा लेकीला सासरी पाठवून आलेल्या बापासारखा होता.

आता आमच्या इमारतीबद्दल. गारखेड्यातल्या बहुतेक इमारतींसारखी तीही नुसत्या खांबांवर उभी आहे. खाली भिंती नाहीत, खांबांच्या मधे गाड्या. भिंती होत्या त्या फक्त वॉचमनच्या खोलीला. वॉचमन सोडून गेला, खोली रिकामी पडली. आमचे चेअरमन काझी साहेब टाइल्सचे व्यापारी, रिकामी जागा त्यांना बघवत नाही. गायके साहेब पेरणीसाठी गावी गेले असताना काझी साहेबांनी ती खोली पाडून दोन गाड्यांची सोय केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठी टाळी माझी होती.

साहेब परतले ते हातात पिशवी तशीच धरून खाली उभे राहिले. त्याच संध्याकाळी बैठक बसली.

"होत्या नव्हत्या तेवढ्या भिंती काढल्या? वरचे मजले भिंतींनी भरलेले, आन् खाली नुसत्या काड्या! बाजूनं धक्का आला तर सगळं खालच्या खांबांच्या सांध्यावर येईल."

"गायके साब," काझी साहेब हसले, "बिल्डिंग इत्ते साल से खडी है. आपको देख के गिरेगी क्या?"

"हौ, खडी है. उभं राहणं तिला जमतंय. ढकललं तर काय करती?"

"ढकलणार कोण? आपल्याकडे भूकंप होत नाही."

"किल्लारीलाही होत नव्हता," साहेब म्हणाले.

काझी साहेबांचं हसू गेलं. बाजूनं येणारा धक्का घ्यायला खांबांच्या मधे फुलीसारख्या लोखंडी दांड्या बसवायचं ठरलं. एकच अडचण होती. जिथं फुली बसेल, तिथली गाडीची जागा जाणार. कुणाची? "मांडून सांगतो," साहेब म्हणाले.

त्यानंतर ते रोज दुपारी टेप घेऊन खाली दिसू लागले. मोजायचे, मान हलवायचे, पुन्हा मोजायचे. का, ते आम्हाला कळत होतं. साहेबांकडे गाडी नाही. जुनी स्कूटर आहे, तीही ते गेटबाहेर लावतात. त्यांची खालची जागा मात्र कायम मोकळी आणि झाडून घेतलेली. ती रोहिणीची, त्यांच्या लेकीची. ती पुण्यात असते, गाडी नवीनच शिकलेली. रस्त्यावर गाडी लावायची म्हटलं की तिला घाम फुटतो. गायके वहिनी वारल्यापासून साहेब प्रत्येक फोनवर एकच वाक्य बोलतात, "आपली हक्काची जागा आहे, गाडी घेऊन बिनघोर ये." ती अजून गाडी घेऊन आली नव्हती. काझी साहेबांच्या पाहुण्यानं एकदा तिथं गाडी लावली, तर साहेबांनी ती चौघांनी उचलून बाहेर कशी ठेवता येईल याचं गणित मांडलं होतं.

शेवटी एका सकाळी ते आमच्याकडे आले. "कितीदा मांडलं, तिथंच येतंय. एक फुली माझ्या जागेत. दुसरी समोरच्या बाजूला. तुमच्या."

माझ्या जागेत माझी लाल गाडी होती. जुनी घेतलेली, पण मी तिला रोज पुसायचो. म्हटलं, "साहेब, तुमची जागा जाणारच आहे. मग एका फुलीत नाही का भागणार?"

आमच्या चहाच्या टीपॉयचे स्क्रू त्यांनी ढिले केले. बाजूनं ढकलला, टीपॉय कलंडला. मग सुलभाकडून, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडून, सुतळी मागून घेतली आणि एका बाजूच्या पायांना फुली बांधली. "आता ढकला."

मी ढकलला. बांधलेली बाजू जागची हलली नाही, मोकळी बाजू गर्रकन पुढं आली. टीपॉय पिळवटला आणि सुलभाचे दोन नवे कप फरशीवर गेले.

"एकाच बाजूला बांधली तर इमारत अशी पिळवटंल," साहेब म्हणाले. मग दुसऱ्या बाजूलाही फुली बांधून त्यांनी पुन्हा ढकलला. टीपॉय ढिम्म.

सुलभानं फुटके कप सुपलीत भरले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "देऊन टाका ती जागा. नाहीतर हे आता शोकेस घेतील."

चितेगावहून वेल्डर आला. दिवसभर साहेब त्याच्या डोक्यावर उभे. दांडीचं टोक खांबाला जिथं मिळतं, त्या प्रत्येक पट्टीवर हातोडी मारून आवाज ऐकायचे. "साब, बिल्डिंग है, रेल का पुल नहीं," तो शेवटी कळवळून म्हणाला. "पुलाला मी एवढं बघत नसतो, त्याच्यावर कुणी झोपत नाय," साहेब म्हणाले. माझी लाल गाडी बाहेर कडुनिंबाखाली गेली. कावळ्यांना ती फार आवडली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी कोथिंबीर घेऊन येत होतो. गल्लीत दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, भर उन्हात, साहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून बसलेले.

"काय हो साहेब?"

"रोहिणी येतीय. गाडी घेऊन. जागा धरून बसलोय."

"आपली खालची जागा गेली, हे सांगितलं नाही तिला?"

"सांगितलं तर बसनं येईल." साहेबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "बसनं आली की सारखी बसचीच वेळ बघत बसती. अर्धा चहा सोडून उठती. गाडी असली म्हंजी कसं, राहीन म्हणली तर राहती."

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून काझी साहेबांनी आवाज टाकला, "ओ गायके साब! धूप में कायको बैठे?" मी खालूनच कारण सांगितलं. पाच मिनिटांत ते लुंगीवरच खाली आले, आपली गाडी पार्किंगमधून काढली आणि माझ्या गाडीमागे, कावळ्यांच्या हवाली केली. "बिटिया की गाडी मेरी जगह लगाव. रातभर रहने दो, चार दिन रहने दो. चला, उठा आता."

साहेबांचे डोळे भरून आले. पण ते उठेनात.

"अब क्या हुआ?"

"वळणावरून मी बसलेला दिसेन असं तिला सांगितलंय. उठलो तर ती पुढं निघून जाईल."

काझी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते आत गेले आणि स्वतःची खुर्ची घेऊन आले. मीही आणली. तिघं ओळीनं रस्त्यात बसलो. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते, कुणीतरी मयत झाल्यासारखे हळूच बघत होते. सुलभानं वरून चहा पाठवला, स्टीलच्या पेल्यांत.

चहा संपत आला तेव्हा कोपऱ्यावर एक पांढरी गाडी दिसली. थांबत, अडखळत, आधी वायपर चालू करून मग वळण्याचा दिवा लावत ती गल्लीत शिरली. साहेब ताडकन उठले, एक चप्पल तिथंच राहिली. दोन्ही हात वर करून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि गाडी अजून लांब होती, काचा बंद होत्या, तरी म्हणू लागले,

"सावकाश बाळा. सावकाश. जागा लई आहे."