शून्य गळतीचं घर

दूर उत्तरेतल्या केटल बेंड गावचे रहिवासी श्री. ऑर्व्हिल पिटका, वय चौऱ्याहत्तर, यांच्या राहत्या घरातून उष्णता बाहेर जाते, ही बाब राज्य उष्णतारक्षण कार्यालयाच्या निदर्शनास सप्टेंबरात आली. ऑर्व्हिलकाकांच्या निदर्शनास ती पन्नास वर्षांपूर्वीच आली होती; ते तिला हिवाळा म्हणत.

गावच्या टपालखिडकीवर मी बसते आणि गावसभेची चिटणीसही मीच, त्यामुळे या प्रकरणातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेलाय. पुढे जे लिहिते आहे ते कागदोपत्री खरं आहे. बाकी खरंखोटं देव जाणे.

झालं असं, की वसंतात काकांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद केली. आम्ही म्हटलं, लाकडं आम्ही फोडून देऊ, त्यात काय? पण कल्याण खात्याच्या अर्जात ‘शेजारी’ असा रकाना नव्हता. नियम असा होता, की सत्तरीपुढचा एकटा माणूस लाकडावर घर तापवत असेल, तर एक डिसेंबरच्या आत त्या पत्त्यावर ‘उबदार घर’ प्रमाणपत्र हवं. नसेल तर त्याला शहरातल्या वृद्धनिवासात हलवावं.

“तिथं वाईट काय आहे, काका?” मी विचारलं.

“काही नाही. माझी मेव्हणी होती ना तिथं. तीन वेळा जेवण, त्यात मूस हरणाचं मांस नाही, आणि खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. मला त्या तळाकडे बघत मरायचं नाहीये, पोरी.”

मला त्रेपन्न पूर्ण झालीत. मला पोरी म्हणणारं केटल बेंडमध्ये आता हे एकच माणूस उरलंय. प्रमाणपत्रासाठी उष्णतारक्षण कार्यालयाचा अर्ज मी स्वतः भरला, सुवाच्य अक्षरात.

ऑक्टोबरात निरीक्षक हॅल्व्हरसन आले. माणूस सज्जन. नाक लाल, वही कोरी. त्यांनी काकांच्या दारात लाल कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. भिंतीच्या ओंडक्यांमधल्या फटींत कोंबलेलं पन्नास वर्षांचं शेवाळ हलायला लागलं. हातात धुराची कांडी घेऊन साहेब भिंतीभिंतीने फिरले. धूर जिथं वाकडा जाई, तिथं खडूची फुली. शेवटी फुल्यांना जागा उरली नाही.

“एकोणीस,” ते म्हणाले. “म्हणजे तासाला एकोणीस वेळा तुमच्या घरातली सगळी हवा बदलते. पास व्हायला एक लागतो.”

“एकोणीस चांगलं नाही?” काकांनी विचारलं. त्यांना वाटलं होतं, परीक्षा आहे म्हणजे जास्त गुण चांगले.

मग फोमवाले आले. पांढरे पोशाख, तोंडावर मुखवटे, हातात लांब नळ्या. नळीतून निघालेला फेस भिंतीला लागला की उकळत्या दुधासारखा फुगतो आणि मिनिटाभरात दगड होतो. तो काही विचारत नाही. खुंटीवरची टोपी, कॅलेंडर, चहाचा एक कप, सगळं भिंतीत गेलं. काकांच्या दिवंगत पत्नीने, क्लेमेंटाइनने, विणलेले हातमोजे दाराशेजारी खिळ्याला होते, तेही गेले. काका त्या दिवशी माझ्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी घरी गेले, आणि हातमोजे होते त्या जागी भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले.

“आता तिचे हात तरी गरम राहतील,” ते म्हणाले.

आकडा आला चार.

“खिडक्या,” निरीक्षक म्हणाले.

“खिडक्या बंद केल्या तर उजेड?”

“नोव्हेंबर ते जानेवारी इथं उजेड असतो कुठं?”

हे खरं होतं. आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य दुपारी येतो आणि पाय न टेकवता जातो. खिडक्या भरल्या. आकडा दोन. मग लोखंडी शेगडीच्या धुराड्याकडे बोट गेलं: छताला एवढं मोठं भोक, ते गळती नाही तर काय? शेगडी उचलून पडवीत ठेवली, धुराड्याचं भोक भरलं, घरात विजेचा तापक बसवला. पडवी म्हणजे आमच्या प्रत्येक घराला असते ती, बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामधली थंड खोली. तिथं बूट, लाकडं आणि टांगलेली मूसची तंगडी असते. कार्यालयाच्या नकाशात पडवी घरात धरत नाहीत.

आकडा आला शून्य दशांश चार. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं बंद घर त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं.

अडचण चार दिवसांनी निघाली. काका आत श्वास घेत होते. हे त्यांनी कुठल्याही परवानगीशिवाय चालवलं होतं. भिंती घामेजल्या, साखर दगड झाली, काकांचं डोकं दुखायला लागलं. मी कळवलं. उत्तर ताबडतोब आलं: घर इतकं बंद असल्यास निवासी व्यक्तीसाठी ताज्या हवेची सोय बंधनकारक आहे, सबब भिंतीला सहा इंच व्यासाची दोन भोकं पाडण्यात यावीत.

भोकं पाडली. आकडा पुन्हा दोनवर.

“साहेब,” काकांची शेजारीण नेटी म्हणाली. ती तेव्हा रोज सकाळी चहाला यायची आणि तोंडाला तिच्या फट बरीच आहे. “तुम्ही भोकं बुजवायला आलात की पाडायला, ते एकदा ठरवा. मी तसा चहा टाकते.”

निरीक्षकांनी नियमपुस्तक उघडलं. तीन दिवस ते आमच्या शाळेच्या खोलीत बसून वाचत होते. उपाय पान दोनशे बारावर सापडला. हवेची भोकं निवासी व्यक्ती असेल तरच बंधनकारक. व्यक्ती नसेल, तर भोकं नकोत. भोकं नसली, तर घर पास.

“म्हणजे मी नसलो तर मी इथं राहू शकतो?” काका म्हणाले.

“पत्त्यावर राहू शकता,” साहेब मायेने म्हणाले. “कल्याण खात्याला प्रमाणपत्र पत्त्याचं हवंय. पडवी घरात धरत नाहीत, पण पत्ता तोच आहे.”

एकोणतीस नोव्हेंबरला काका पडवीत राहायला गेले. खाट, शेगडी, तंगडी, बूट. लाकडं आम्ही फोडायला लागलो, कारण पडवीतल्या शेगडीबद्दल कुठलाच अर्ज नव्हता. आत कोणी जाणारच नाही, तर आतलं दार तरी कशाला? तेही चहूकडून फोमने भरलं. प्रमाणपत्रावर आकडा आला शून्य. राज्यात पहिला. वृद्धनिवासाची गाडी आली नाही. चौकटीतलं प्रमाणपत्र पडवीत टांगलं, तंगडीच्या शेजारी.

आत अजूनही छान एकवीस अंश आहे म्हणतात. कोणी पाहिलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे घराला कुलूप लावत नाहीत. कुलूप लावणारा एकतर नवा असतो, नाहीतर चोर. उणे पन्नासात कोणाची गाडी बंद पडली, तर त्याने दिसेल त्या घरात शिरायचं. मालक नसला तरी शेगडीत ढलप्या रचलेल्या असतात आणि वर काड्याची पेटी. पेटवा, जगा, निघताना पुन्हा ढलप्या रचून ठेवा. याला कोणी आभार मानत नाही. पुढल्या वेळी तुमची गाडी असते.

जानेवारीत, दुपारी तीनला, म्हणजे पूर्ण अंधारात, निरीक्षक हॅल्व्हरसन यांची गाडी गावाबाहेर बंद पडली. ते चालत निघाले आणि जिल्ह्यातल्या सर्वांत उबदार घराकडे आले. वाकडेतिकडे चालत थेट मागच्या बाजूला, जिथं खिडकी असायची. भिंत बडवली. कोणी ओ दिली नाही. आत एकवीस अंश होते आणि बाहेर साहेबांच्या पापण्या चिकटल्या होत्या.

नेटी आणि मी तेव्हा पडवीतच होतो. काकांनी कान टवकारले. “मूस आलाय की सरकार?” असं म्हणत ते बाहेर गेले आणि साहेबांना काखेत धरून आत घेऊन आले. आम्ही बूट काढले, पाय चोळले, रश्शाचा वाडगा हातात दिला. साहेबांचे दात इतके वाजत होते, की चमचा वाडग्यात राहीना. अर्ध्या तासाने माणूस माणसासारखा दिसायला लागला.

मग त्यांनी मान चोळली. वळून पाहिलं. खिशातून धुराची कांडी काढली. सवय, दुसरं काय. बाहेरच्या दाराच्या फटीपाशी धूर वाकडा झाला.

“इथून हवा येतेय,” ते म्हणाले.

“येते की,” काका म्हणाले. “आणि तूही तिथूनच आलास.”

शेगडीत एक लाकूड फुटलं. साहेबांनी वही काढली, बराच वेळ ती मांडीवर ठेवून बसले, आणि मग लिहिलं. प्रामाणिक माणूस, दिसलं ते न लिहिणं त्यांना जमत नाही. जाताना त्यांनी ढलप्या मात्र नीट रचून ठेवल्या.

मार्चात त्या नोंदीवरून कार्यालयाचं परिपत्रक निघालं. गळतीचं मूळ फटीत नसून दार वारंवार उघडण्यात आहे, असं सिद्ध झालंय. पडवीही आता घरात धरतात, आणि काकांच्या पडवीची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. नापास झाली तर पत्ता नापास, आणि मग तो गाड्यांचा तळ. म्हणून नेटी आता चहाला जात नाही. मी पण जात नाही. त्यांच्या भल्यासाठीच. काका दाराशी ढलप्या रचून बसलेले असतात, हे येताजाता दिसतं.

आता सगळ्यांनीच भरायच्या नव्या अर्जात पंखा नाही, कांडी नाही, फोमही नाही. एकच प्रश्न आहे: गेल्या महिन्यात न कळवता तुमच्या घरी किती माणसं आली?

गावातल्या लोकांना उत्तर शून्यावर आणायला अजून वेळ लागतोय. शहरातले अर्ज मात्र पहिल्याच फेरीत पास होतात, म्हणे. तिथं कार्यालयाला काहीच करावं लागत नाही.

अर्ज माझ्या खिडकीवर आहेत. तुमचा आकडा आठवतोय ना?