ब्रॅकेट तुटणार नाही म्हणजे नाही!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर जात नाही. मी आहे ना! मी हात लावलेली वस्तू पुन्हा कधी बिघडली नाही. बायको म्हणते, ती पुन्हा कधी चाललीच नाही. पण बायकोचं काय, ती काहीही म्हणते.

त्यामुळे मोटारसायकलच्या पुढच्या कव्हरचा ब्रॅकेट तुटला तेव्हा मी चक्क हसलो. या कव्हरला जाणकार लोक फेअरिंग म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. थोड्याच दिवसांपूर्वी मी ते स्वतः उतरवून, घासूनपुसून परत बसवलं होतं. आत रबराच्या जाड चकत्या होत्या, त्यांच्यामुळे ते जरासं हलायचं. म्हटलं, ही कसली डुगडुग! चकत्या काढल्या आणि स्क्रू असे आवळले की फेअरिंगची हू की चू नाही.

ब्रॅकेट म्हणजे काय, तर फेअरिंगला गाडीशी धरून ठेवणारी बोटभर पत्र्याची पट्टी. तिची ती मिजास किती! नवी आणून लावली, टक्! तुटली. मग घरीच ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापून लावली. ती भर बाजारात तुटली आणि फेअरिंग लोंबायला लागलं. ते गुडघ्यांत दाबून मी गाडी घरी आणली. मागे बसलेली बायको उतरली ती पाय आपटतच. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"अहो, आता बास," घरात शिरताच ती म्हणाली. "पुन्हा एकदा हे तुटलं, तर गाडी माझ्या भावाला देऊन टाकायची."

"कबूल!" मी म्हणालो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मेहुणा दोन घरं सोडून राहतो. माझ्या गाडीवर त्याचा पहिल्यापासून डोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला तो डोक्यात नवंकोरं हेल्मेट घालूनच! रंग? थेट माझ्या गाडीचा!

"अरे, तुझ्याकडे गाडी कुठंय?"

"नाहीच ना, भाऊजी," तो गोड हसून म्हणाला. "पण तयारी असलेली बरी."

लग्नाआधीपासूनची माझी गाडी ती! बायकोला पहिल्यांदा भेटायला गेलो तो याच गाडीवरून. ती अशी या हेल्मेटवाल्याच्या हाती जाऊ द्यायची?

तडक वेल्डर गाठला. "असा ब्रॅकेट बनव की गाडी मोडेल, पण तो मोडणार नाही!"

"गेटाला लावतात तो लोखंडी अँगल आहे. लावू?"

"दोन लाव!"

दोन लावले. फेअरिंग हलवून पाहिलं, तर गाडीसकट मीच हललो. विजयी मुद्रेनं निघालो आणि पहिल्याच चौकात घात झाला. हँडल उजवीकडे वळेना! अँगलला जाऊन अडायचं. डावीकडे मात्र छान वळत होतं. तेव्हा डावीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, असं करत आमच्या गल्लीत शिरलो. पण आमचं फाटक उजव्या हाताला! तिथं बायको आणि मेहुणा स्वागताला उभे.

"अहो, कुठे निघालात?"

"आलोच!" म्हणत मी पुढे गेलो. थांबून गाडी ढकलत आणणं माझ्या स्वभावात नाही. परत तीच प्रदक्षिणा, परत तेच फाटक.

"भाऊजी, ब्रेक लागत नाहीये का?"

"लागतोय! वळत नाहीये!"

पुढच्या फेरीला अगदी फाटकासमोर कडाड्! ब्रॅकेट शाबूत होता, पण फेअरिंगच्या ज्या कानात स्क्रू बसतो, तो कानच त्यानं तोडला होता.

"ब्रॅकेट तुटला का? नाही ना?" मी ओरडलो.

"ताई, तुटलं ना?" मेहुण्यानं हेल्मेटचा पट्टा लावला.

"तुटलं," बायको म्हणाली आणि शांतपणे आत जाऊन तिनं मिक्सर सुरू केला.

मी शेवटची विनवणी करायला मागोमाग गेलो आणि बघतच राहिलो. आमचा मिक्सर सुरू झाला की ओट्यावरून चालत सिंकपर्यंत जायचा. आज जागचा हलत नव्हता!

"अगं, याला काय केलंस?"

"काय म्हणजे? त्या दिवशी तुम्ही रबरं फेकत होतात ना, ती लावलीत खाली. काय मस्त रबरं आहेत हो! सगळे हादरे खातात."

मी मिक्सरला मिठीच मारली. हादरे! म्हणून ब्रॅकेट तुटत होते तर!

रबरं परत मिळाली, गाडीलाही शेवटची संधी मिळाली, पण एका अटीवर. कान चिकटवला, अँगल काढले, साधी पट्टी लावली, मध्ये रबरं घातली. तेव्हापासून ब्रॅकेट तुटलेला नाही आणि गाडी माझीच आहे. नवी रबरं सुटी मिळत नाहीत, अख्खं फेअरिंग घ्यावं लागतं, असं दुकानदार म्हणतो.

म्हणून रोज सकाळी मी ओट्याशी उभा राहून दोन्ही हातांनी मिक्सर दाबून धरतो. हीच ती अट. नेमका तेव्हाच मेहुणा दारात येतो, डोक्यात हेल्मेट.

"भाऊजी, तुम्ही कामात दिसताय. तोवर एक चक्कर मारून येऊ?"

किल्ली खुंटीवर असते आणि माझे दोन्ही हात अडकलेले असतात!